अहो भाऊ, जरा सरका

महाराष्ट्रात एकुलता एक मुलगा सापडेल, पण कुणाचाच भाऊ नसलेला पुरुष सापडायचा नाही. रिक्षावाला भाऊ, वायरमन भाऊ, बँकेच्या दारातला बंदूकवाला भाऊ, आणि ‘मंगळवारी नक्की’ म्हणून पुढच्या शुक्रवारी उगवणारा प्लंबर, तोही भाऊच. भाजीवाली आपल्याला भाऊ म्हणते आणि गवार तीस रुपये पाव लावते. भाऊ नसतो तर किती लावली असती कोण जाणे.

सगळ्यात मोठा भाऊ मात्र चौकातल्या फ्लेक्सवर असतो. आकार बारा बाय आठ. मधोमध भाऊ, वय वर्षं तेवीस. पांढरा शर्ट, काळा गॉगल, एका हातानं मोबाइल कानाला, दुसरा हात समोरच्या जनतेला ‘होतंय, होतंय’ असं सांगणारा. वर, ज्यांच्या आशीर्वादानं हे सगळं चाललंय त्यांचे गोल फोटो. खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइजची डोकी, तीन रांगांत, आणि प्रत्येक डोक्याखाली पुन्हा भाऊ, दादा, अण्णा, आबा, बापू. एका आबाच्या कपाळातून बांबूला बांधायची सुतळी आरपार गेलेली. ‘मा. भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’ हे ठळक, आणि कोपऱ्यात ‘भावी नगरसेवक’. या भाऊंना घरी दोन सख्खे भाऊ आहेत. ते फ्लेक्सवर नाहीत. का नाहीत, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. साधारण अडीच हजार वर्षं.

संस्कृतातला भ्रातृ प्राकृतात उतरला तेव्हा त्याच्या अंगावरचे र आणि त गळून पडले आणि उरला भाउ. मराठीनं शेवटचा उकार दीर्घ केला, एवढीच आपली कमाई. हिंदीच्या वाट्याला भाई आला. फारसीनं मात्र वडिलोपार्जित ऐवज जपला: बिरादर. इंग्रजी ब्रदर, जर्मन ब्रूडर, रशियन ब्रात, लॅटिन फ्रातेर ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ घरातून निघाल्या असाव्यात असं जाहीर सांगितलं आणि युरोप चकित झाला. एका घरातून निघून वेगळी चूल मांडलेले आणि एकमेकांचं बोलणं न कळणारे भाऊ आपल्याकडे गल्लीगल्लीत असल्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

रोमा लोक हिंदुस्थानातून निघून युरोपभर हिंडले, तेव्हा त्यांनी हा शब्दही बरोबर नेला. त्यांच्या बोलीत त्याचा ‘फ्राल’ झाला, आणि त्यावरून इंग्रज दोस्ताला ‘पॅल’ म्हणू लागले. तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावरचं ‘ब्रो’ ऐकून ज्यांचं मराठीपण दुखावतं त्यांनी शांत व्हावं. ब्रो हा भाऊचाच लांबचा चुलतभाऊ आहे. मधल्या काळात येणंजाणं नव्हतं, इतकंच.

ग्रीकांनी तर गंमतच केली. हा शब्द त्यांनी भावकीतल्या, म्हणजे कुळसंघातल्या, वाटेल त्या सभासदाला वाटून टाकला. मग घरच्या सख्ख्या भावाला काय म्हणायचं, अशी पंचाईत झाली. शेवटी त्यांनी वेगळा शब्द घेतला, अदेल्फोस, एका उदरातला. म्हणजे आपला सहोदरच. भाऊ फार वाटला की घरच्याला उरत नाही, हा अनुभव आपल्या आधी अथेन्सनं घेतलेला आहे.

आता आपल्याकडच्या जाणत्यांकडे वळू. निरुक्तकार यास्काचार्य शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय जेवत नसावेत. भ्राता या शब्दाची त्यांनी दोन स्पष्टीकरणं दिली आहेत. पहिलं: तो वाटा घेऊन जातो म्हणून भ्राता. दुसरं: तो पोसावा लागतो म्हणून भ्राता. झालं. तिसरी शक्यता त्यांना सुचलेली नाही. प्रेम नाही, पाठीशी उभं राहणं नाही, रक्ताचं नातं वगैरे काही नाही. या थोर पुरुषाला किमान तीन सख्खे भाऊ असावेत आणि त्यांच्यात मिळून एक विहीर. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत. ते पडले भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी सातबारा कुठे वाचलेला असतो?

यास्कांवर विश्वास नसेल तर पाणिनीकडे चला. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात लागोपाठ दोन सूत्रं आहेत. पहिल्यात भ्रातृव्य या शब्दाची घडण सांगितली आहे: अर्थ, भावाचा मुलगा, पुतण्या. लगेच पुढच्या सूत्रात तोच शब्द पुन्हा घडवला आहे: अर्थ, वैरी. लिहायला दोन्ही सारखेच. फरक फक्त उच्चारातल्या स्वराचा. सुरुवातीला जोर दिला की वैरी, शेवटी स्वर गेला की पुतण्या. महाराष्ट्राच्या राजकारणावर इतकं नेमकं भाष्य त्यानंतर कुठल्याही राजकीय विश्लेषकाला जमलेलं नाही. पुतण्याचा स्वर कधी बदलतो, हे ओळखण्यातच इथल्या काकांची हयात जाते. हल्लीच्या जोड्या मी सांगत बसत नाही, वाचकांना त्या पाढ्यांसारख्या पाठ आहेत. जुनी तेवढी सांगतो: ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, काका रघुनाथराव आणि पुतण्या नारायणराव. पुढे खाडिलकरांनी त्यावर नाटक लिहिलं. त्यात मारला जातो पुतण्या, पण नाटकाचं नाव ‘भाऊबंदकी’. कुणालाही ते चुकीचं वाटलं नाही.

वाटणार कसं? मित्रावरून मराठीत मैत्री होते, शेजाऱ्यावरून शेजारधर्म होतो, आणि भावावरून होते भाऊबंदकी. हिंदीवाल्यांचा भाईचारा म्हणजे सलोखा. आपण भाऊ म्हटलं की दिवाणी कोर्टाची पायरीच दिसते. राज्यघटनेच्या उद्देशिकेचं मराठी करताना म्हणूनच घरचा शब्द बाजूला ठेवून संस्कृतातली ‘बंधुता’ आणावी लागली. तिथं चुकून भाऊबंदकी प्रवर्धित करण्याचा निर्धार झाला असता, तर घटनेतलं तेवढं कलम देशानं शंभर टक्के पाळलं असतं.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी एकदा बांधावर जाऊन उभं राहावं. वडिलांची पाच एकर, दोन मुलगे, मधोमध बांध. थोरला नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला हळूच सांगतो, ‘जरा कडेनं घे.’ फाळ वीतभर बांधात शिरतो. पुढच्या वर्षी धाकट्याचा ट्रॅक्टरवाला पलीकडून वीतभर आत येतो. याला बांध कोरणं म्हणतात, आणि पाच-सात वर्षांत बांध इतका बारीक होतो की त्यावरून चालायचं तर दोरीवरच्या डोंबाऱ्याचं कसब लागतं. बांधावर आंबा असतोच. खोड एकाच्या हद्दीत, मोठी फांदी दुसऱ्याच्या. विहीर सामाईक, पाण्याची पाळी चार-चार दिवसांची. ‘तुझ्या पाळीत लाइट होती, माझ्या पाळीत ट्रान्सफॉर्मर जळला’ हे वाक्य या नात्यात जितक्या वेळा बोललं गेलं असेल तितक्या वेळा ‘कसा आहेस’ बोललं गेलं नसेल. शेवटी प्रकरण भूमी अभिलेख कार्यालयात जातं. तिथं मोजणीचे साधी, तातडीची आणि अतितातडीची असे प्रकार होते. अतितातडीची मोजणी मागणारा अर्जदार बहुधा सख्खा भाऊ. परक्या माणसाला इतकी घाई नसते.

मोजणी होते, हद्दीच्या खुणा रोवल्या जातात, बोलणं बंद होतं. मग थोरल्याच्या मुलीचं लग्न निघतं. पत्रिकेत ‘आपले नम्र’च्या खाली धाकट्याचं नाव वयाच्या क्रमानं, न चुकता, छापलेलं असतं, कारण ते गाळलं तर भावकी काय म्हणेल? भावकी हा आणखी एक अस्सल शब्द. भावकी म्हणजे एका आडनावाचे ते सगळे लोक, ज्यांच्याशी आपलं पटत नाही पण ज्यांना विचारल्याशिवाय सोयरिक जुळत नाही. लग्नात धाकट्याला मानाचा फेटा बांधतात. तो बांधून घेतो, फोटोत उभा राहतो, जेवतो आणि न बोलता निघून जातो. फेटा मात्र घेऊन जातो. यास्कांनी सांगितलेलंच आहे, वाटा घेऊन जाणारा तो भाऊ.

आता फ्लेक्सचं कोडं सुटतं. ज्याला जमिनीत वाटा द्यावा लागत नाही, त्याला भाऊ म्हणायला मराठी माणूस सदैव तयार असतो. वायरमनला भाऊ म्हटल्यानं सातबाऱ्यावर काही फरक पडत नाही. म्हणून बाहेर या शब्दाची खैरात आणि घरात त्याचा दुष्काळ.

आणि खैरात तरी किती तऱ्हांची! नागपुरात भाऊ हा स्वल्पविराम आहे; तो घातल्याशिवाय वाक्याला श्वास घेता येत नाही. जळगावकडे त्याचा ‘भो’ होतो आणि वाक्याच्या शेपटाला जाऊन बसतो. गोव्यात कोकणी माणूस ‘भाव’ म्हणतो. कोल्हापुरात ‘भावा’. या कोल्हापूरकरांचे उपकार व्याकरणावर आहेत. संबोधन नावाची विभक्ती शाळेच्या पुस्तकाबाहेर बाकी सगळ्यांनी सोडून दिली, पण तांबड्या रश्शाचा भुरका मारता मारता ‘काय भावा’ म्हणत त्यांनी ती टिकवून धरली. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: एक भाऊ, दोन भाऊ, पाच भाऊ. बहिणीच्या बहिणी होतात, भावाचं अनेकवचनातही काही होत नाही. बाकी विभक्त्यांत तर त्याची आणखी फजिती. ‘भावानं मारलं’ असं लासलगावच्या बाजारात कुणी म्हणालं, तर ऐकणारा कांद्याबद्दल हळहळतो.

थोर माणसांची नावं काढली तरी हेच. अण्णाभाऊ साठ्यांचं पाळण्यातलं नाव तुकाराम. कानडी-तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्याला पुढं आपला भाऊ जोडलेला. म्हणजे एकाच नावात दोन भाऊ, तेही गुण्यागोविंदानं. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांना लोक अण्णा म्हणत. भाऊरावांना हाक मारायची तर तीही भाऊचीच. पानिपतावर गेलेले सदाशिवराव, तेही भाऊसाहेब. त्या पराभवाच्या धुमश्चक्रीतून भाषेला भाऊगर्दी हा शब्द मिळाला, आणि आज आपण तो दिवाळी अंकांच्या, क्लासेसच्या, इच्छुक उमेदवारांच्या गर्दीला बिनदिक्कत वापरतो. भाऊसाहेब रणात पडले की निसटले यावर लोकांचं एकमत होईना, तेव्हा एक गृहस्थ ‘मीच भाऊ’ म्हणत पुढे आले. त्यांनी बरीच फौज गोळा केली, किल्ले घेतले, आणि १७७६ साली पुण्यात त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ त्याच प्रकरणावर. खोटा भाऊ म्हणवून घेतल्याबद्दल महाराष्ट्रात कुणाला शिक्षा झाल्याचं हे ठळक उदाहरण. आज तोच नियम लावला तर चौकातले सगळे बांबू मोकळे होतील.

घरातला एक घोळ मात्र मला मनापासून आवडतो. एकत्र कुटुंबात धाकटे भाऊ थोरल्याला दादा किंवा भाऊ म्हणत, आणि त्या थोरल्याला मुलं झाली की तीही ऐकून ऐकून बापाला भाऊच म्हणू लागत. ‘श्यामची आई’तल्या श्यामचे वडील घरात भाऊच आहेत. काही घरांत मुलं आईलासुद्धा वहिनी म्हणत, कारण काका तसं म्हणत. नातं काकांचं, हाक मुलांची. अशा घरात हिंदी मुलखातली सून आली की पहिले पंधरा दिवस करमणूक. ‘दादा आले’ म्हटल्यावर ती डोक्यावर पदर घेऊन आजेसासऱ्यांच्या पाया पडायला उठते, आणि समोर बर्म्युडा घातलेला नवऱ्याचा भाऊ, हातात दुधाची पिशवी.

दादाचं पुढे काय झालं ते आपण जाणतोच. ज्याच्या धाकात धाकट्यांनी राहायचं तो दादा. मग ज्याच्या धाकात गल्लीनं राहायचं तोही दादा, आणि त्याचा धंदा दादागिरी. भाईचंही तेच. मुंबईत एका भाईचं नाव काढलं की लोक खिसा सांभाळत आणि दुसऱ्या भाईचं नाव काढलं की पोट धरून हसत, कारण पु. ल. देशपांडे हेही त्यांच्या गोतावळ्यात भाई. तिसरे भाई शेतकरी कामगार पक्षाचे. भाई गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार झाले आणि एसटीनं हिंडत राहिले. एकाच शब्दाच्या पोटात एवढी विविधता संयुक्त महाराष्ट्रालाही जमली नाही.

या शब्दाचा खरा कसबी वापर मात्र बायका करतात. गच्च भरलेली एसटी, तिघांच्या बाकावर दोघं पाय फाकवून बसलेले. तिसरी जागा म्हणजे नुसती अफवा. तेवढ्यात मावशी येतात, एका हातात पिशवी, काखेत नातू. ‘अहो भाऊ, जरा सरका.’ संपलं. या चार शब्दांत विनंती आहे, हुकूम आहे, आणि तू माझा भाऊ आहेस तेव्हा आता पुढे शहाण्यासारखा वाग, हा लेखी नसलेला करारही आहे. माणूस सरकतो. पुरुषानं पुरुषाला तेच म्हटलं तर ‘पुढं जागा हाय की’ असं उत्तर येतं. आमच्या ओळखीच्या एका काकू तर रिक्षावाल्याला, मीटर टाकायच्या आधी भाऊ आणि सुट्टे पैसे मागताना दादा म्हणतात. भाव वाढतो तसा नात्याचा हुद्दाही वाढवायचा, असा त्यांचा हिशेब.

बाईला भाऊ म्हणायला आणखीही बरेच असतात. नवऱ्याचा भाऊ भावोजी, बहिणीचा नवराही भावोजी. आणि २००४ साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाल्यावर आदेश बांदेकर तमाम महाराष्ट्राचे भावोजी. नुसत्या भाऊला ‘ओ’ आणि ‘जी’ लावले की पैठणी मिळते, हे तिथं कळलं. सगळ्यांत वरताण आपला आतेभाऊ. मामाच्या मुलीशी लग्न हा आपल्याकडच्या अनेक समाजांतला जुना रिवाज. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली आहे. म्हणजे मुलीनं लहानपणी ज्याला आतेभाऊ म्हणून हाक मारली, त्याच्याच नावानं पुढे उखाणा घ्यायचा. उत्तरेकडच्या माणसाला हे सांगून बघा. तो चहाचा कप खाली ठेवतो. आपल्याला काही वाटत नाही. नावात भाऊ असला म्हणून माणूस भाऊ असतोच असं नाही, हे आपल्याला फ्लेक्सनं शिकवलंय.

निवडणुका जवळ आल्या की मग यास्क पुन्हा जिवंत होतात. कुठलीही युती घ्या, कुठलीही आघाडी घ्या. पहिला वाद एकच, मोठा भाऊ कोण आणि धाकटा कोण. धोरण नाही, कार्यक्रम नाही. बैठकीचं नाव तरी काय? जागावाटप. पत्रकारांनी हे रूपक उगाच उचललेलं नाही. ज्याच्याशी वाटप करायचं तो भाऊ, आणि वाटप फिसकटलं की कालपर्यंत बंधू असलेला सकाळच्या पत्रकार परिषदेत वैरी. पाणिनीचा स्वर सुरुवातीला सरकतो, दुसरं काय? सरकारही आता या नात्यात उतरलं आहे. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. एरवी वर्षातून एकदा भाऊबीजेच्या तबकात पडणारी ओवाळणी थेट खात्यात, दरमहा. सख्ख्या भावांची त्यामुळे गोची झाली. तबकात पाचशेची नोट टाकावी तर बहीण हसून म्हणते, ‘अरे, तिकडून तिप्पट येतात.’

सख्ख्या भावांची खरी अडचण मात्र त्याहून जुनी आहे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क जन्मानंच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०२० मध्ये सांगितलं. यास्कांच्या पहिल्या व्याख्येप्रमाणे आता बहीणही भाऊच झाली. भावांना हे चांगलंच ठाऊक आहे. म्हणून तर काही घरांत भाऊबीजेला यंदा साडी जरा भारीतली असते, जेवणात बासुंदी असते, आणि पान खाता खाता एक कागद पुढं येतो. ‘ताई, इथं फक्त सही कर, तलाठ्याला द्यायचंय.’ त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. त्याची दुय्यम निबंधकाकडं नोंदणी झाली की वाटा गेला, आणि तो माघारी मिळवायचा तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हा ताई, साडी घ्या, बासुंदी खा, भावाला मनापासून ओवाळा. पण कागद घरी नेऊन आधी चष्मा लावून वाचा. आणि बाकावर जागा हवी असेल, तर काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहेच.